सोयरिकीच्या रीती आणि कुटुंबाचे कार्य

कुटुंब ही अतिप्राचीन संस्था असली तरी तिचा साचा सर्वत्र एकच नाही. अपत्यांचे संगोपन, त्यांना वळण लावणे, एकत्र श्रमून पोट भरणे आणि वृद्ध, आजारी व निराधार माणसांना सांभाळणे, ही तिची कार्ये सर्वत्र सारखी. परंतु कोणी कोणाशी विवाह करावा आणि विवाहानंतर कोणाच्या घरी राहावे, याचे नियम समाजासमाजात निराळे आहेत. नेमावरच्या परिसरात हे निराळेपण स्पष्ट दिसते.

देवास जिल्ह्यातील नेमावर हे नर्मदेच्या उत्तर तीरावरील, सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव होय. पैलतीरी हंडिया आहे. हा मुलूख पूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात मोडत असे. होळकर, शिंदे व पवार यांच्याबरोबर माळव्यात आलेली मराठी घराणी, हिंदीभाषी शेतकरी आणि गोंड व कोरकू हे आदिवासी, अशा निरनिराळ्या परंपरा या प्रदेशात नांदत आल्या आहेत.

माळव्यातील बहुतेक हिंदीभाषी हिंदू जातींत मामाची मुलगी बहिणीसमान मानतात. वधू नात्याबाहेरून, बहुधा परगावाहून येते. त्यामुळे दूरची घराणी जोडली जातात व अडीअडचणीला पाठबळ मिळते. मात्र नव्या सुनेला सासरी ओळखीचा एकही चेहरा नसतो.

मराठी समाजातील अनेक जातींत याउलट मामाची मुलगी करणे रीतीस धरून आहे. आत्याची मुलगी मात्र सहसा करीत नाहीत. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचा अभ्यास मांडला. उत्तरेच्या व दक्षिणेच्या विवाहपद्धती महाराष्ट्रात एकमेकींना भेटतात, असे त्यांनी दाखविले. भाषेतही याची खूण उरली आहे. जुन्या घरांतील सून सासूला ‘आत्याबाई’ व सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे. आत्याच्याच घरी पडलेल्या मुलीला सासर परके वाटत नसे, हा या रीतीचा लाभ. परंतु जवळच्या रक्तसंबंधातील विवाहामुळे संततीत काही आनुवंशिक रोगांचा संभव वाढतो, हेही वैद्यकशास्त्र सांगते.

गोंडांमध्ये आतेमामे भावंडांच्या विवाहाला ‘दूध लौटाना’ म्हणतात. ज्या घराने पूर्वी लेक दिली, त्या घराला पुढच्या पिढीत लेक परत मिळावी, हा त्यातील भाव. गोंड व कोरकू या दोन्ही समाजांत आणखी एक रीत आहे. वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला तरुण भावी सासऱ्याच्या शेतावर काही वर्षे राबतो व मग विवाह होतो. त्याला लमसेना किंवा लमझना म्हणतात. मुलगा नसलेल्या वृद्ध दांपत्याला अशा जावयाचा मोठा आधार होतो.

कायद्याने या रूढी सरसकट मोडल्या नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले. निकटच्या नात्यातील विवाह निषिद्ध ठरविताना मात्र जेथे तशी रूढी आहे तेथे सूट दिली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्नधर्मीयांनाही नोंदणी पद्धतीने विवाह करण्याची सोय झाली. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. परंतु हिंदू विवाह व वारसा यांचे हे कायदे, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. म्हणजे लमसेना पतीबरोबर बापाचेच शेत कसणाऱ्या मुलीला त्या जमिनीत वाटा मागावयाचा झाल्यास या कायद्यांचा आधार नाही. तिला प्रथम जमातीच्या रूढीलाच सामोरे जावे लागते.

तात्पर्य, एक रीत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ, असा निवाडा देणे योग्य नव्हे. कुटुंब एकत्र असो वा विभक्त, सून नात्यातली असो वा परकी, त्या घरातील सर्वांत दुर्बळ माणसाला निवारा, मान आणि हक्क मिळतो काय, हीच त्या कुटुंबाची खरी कसोटी होय.