तरंगत्या गावाचा कारभार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मायामी बंदरातून ‘आयकॉन ऑफ द सीज’ नावाचे प्रवासी जहाज शनिवारी कॅरिबियन समुद्राकडे निघते आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत धक्क्याला लागते. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीस निघालेल्या या जहाजाची लांबी ३६५ मीटर असून त्यावर वीस मजले आहेत. जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी, अशी जवळजवळ दहा हजार माणसांची वस्ती त्यावर मावते. ग्रामपंचायतीचा कारभार पाहणाऱ्यांस या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पिण्याचे पाणी, सांडपाणी, केरकचरा, दिवाबत्ती, आरोग्य, अग्निशमन, लहान मुलांची देखभाल हे सारे प्रश्न तेथे आहेतच. शिवाय या गावाचे तीन-चतुर्थांश रहिवासी दर आठवड्यास बदलतात.

अशा जहाजांवरील सुखसोयींची वर्णने जाहिरातींतून पुष्कळ वाचावयास मिळतात. त्या सोयी कशा चालविल्या जातात आणि त्यांत बदल का होतात, याची माहिती मात्र क्वचितच दिली जाते. हे बदल पाहू लागले म्हणजे असे आढळते की, प्रवाशांच्या आवडीनिवडीपेक्षा अपघात, साथीचे रोग आणि खर्चाचा हिशेब यांनीच त्यांना अधिक वळण लावले आहे, आणि प्रत्येक बदलाचा भार प्रथम जहाजावरील नोकरवर्गावर पडला आहे. या नोकरवर्गात गोवा, कोकण व मुंबई येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

विमानप्रवास सुरू झाल्यावर अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जुन्या आगबोटींचा धंदा बसला. त्यांपैकीच एक जुनी बोट विकत घेऊन, ‘मार्डी ग्रा’ असे नवे नाव देऊन, १९७२ साली एका नव्या कंपनीने मायामीहून सहली सुरू केल्या. पहिल्याच सफरीत ती बोट बंदराबाहेर वाळूत रुतली, तरी धंदा मात्र रुतला नाही. १९८८ साली आलेले ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ७३ हजार टनांचे होते. आजचे ‘आयकॉन’ २ लाख ४८ हजार टनांचे आहे. हे टन वजनाचे नव्हेत, तर जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

फेरपालटाचा दिवस

या गावाचा खरा कारभार पाहावयाचा असेल तर जहाज धक्क्याला असते तो दिवस पाहावा. आदल्या रात्रीच प्रवाशांनी आपले सामान, रंगीत चिठ्ठ्या बांधून, खोलीबाहेर ठेवलेले असते. रात्रभर ते खालच्या मजल्यावर गोळा करून रंगांनुसार लावले जाते. सकाळी जहाज बांधले जाताच प्रवाशांच्या तुकड्या क्रमाने उतरू लागतात. अमेरिकेच्या बंदरांत एक नियम कटाक्षाने पाळला जातो. जुना शेवटचा प्रवासी उतरल्याची नोंद होऊन गणती शून्यावर आल्याशिवाय नव्या पहिल्या प्रवाशास वर घेत नाहीत. एखादे कुटुंब न्याहारीच्या टेबलावर रेंगाळले तर हजारो माणसे धक्क्यावर तिष्ठत राहतात.

याच वेळी जहाजाच्या कुशीतील दारांतून शिधासामग्री आत येत असते, दुसऱ्या दाराने कचरा उतरत असतो, समुद्राच्या बाजूने इंधनाची बोट लागलेली असते. काही कर्मचाऱ्यांचा करार संपलेला असतो, ते उतरतात, नवे चढतात. हजारो खोल्यांतील चादरी धुलाईखान्याकडे जातात. दुपारपर्यंत खोल्या तयार व्हाव्याच लागतात. खोली सांभाळणाऱ्या माणसाला या दिवशी जेवणास उसंत मिळत नाही.

मुलांचा हिशेब

जहाजाची प्रवासीसंख्या दोन प्रकारे सांगतात. एका खोलीत दोन माणसे धरली तर ‘आयकॉन’वर ५,६१० प्रवासी होतात. शाळांना सुटी लागली की, खोलीतील भिंतीत दुमडलेल्या वरच्या खाटा उघडतात, त्यांवर मुले येतात आणि संख्या सात हजारांच्या पुढे सरकते. जहाज तेच, भटारखाना तोच, परंतु काम निराळे होते. जेवणाची गर्दी संध्याकाळी लवकर होते, तरणतलावावर पहारा वाढवावा लागतो, डॉक्टरांकडे ताप व कानदुखीचे रुग्ण येऊ लागतात.

येथे एक गोष्ट अनेकांस चमत्कारिक वाटते. खोलीत तिसरी खाट रिकामी असूनही कंपनी कधीकधी तिसऱ्या माणसाचे आरक्षण नाकारते. याचे कारण खाटेत नसून जीवरक्षक नौकेत आहे. प्रत्येक खोलीला संकटकाळी जमण्याची ठरावीक जागा नेमून दिलेली असते आणि त्या जागेच्या नौकांतील आसने मोजकी असतात. ती भरली की त्या भागात आणखी एक मूलही घेता येत नाही. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे एकूण प्रवाशांच्या निदान दहा टक्के ठेवावी लागतात, आणि मुले त्याहून अधिक असल्यास प्रत्येक मुलास एक याप्रमाणे. चोवीस तासांहून अधिक प्रवास असेल तर प्रत्येक तान्ह्या बालकासाठीही स्वतंत्र जाकीट लागते. सहा महिन्यांखालील बालकास बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. समुद्रातच अनेक दिवस काढावयाचे असल्यास ही मर्यादा एक वर्षाची असते. बालविभागात साधारणतः तीन वर्षांपुढील व शौचाची सवय लागलेली मुलेच घेतात. ही अट आईबापांस जाचक वाटते, पण तिचे कारण पुढे येईल.

जेवणाची जुनी पद्धत पंगतीची होती. सायंकाळी पहिली पंगत, रात्री दुसरी. टेबल ठरलेले, वाढपीही ठरलेला. लहान मुलांना दुसऱ्या पंगतीपर्यंत जागे ठेवणे कठीण जात असे. २००० सालापासून एका कंपनीने ‘हव्या त्या वेळी, हव्या त्या भोजनगृहात’ ही पद्धत आणली आणि इतरांनीही थोड्याफार फरकाने ती उचलली. प्रवाशांची सोय झाली. वाढप्यांना मात्र आठवडाभर त्याच कुटुंबाची सेवा करून शेवटी बक्षिसी मिळण्याचा भरवसा उरला नाही. आता ही बक्षिसी बहुधा दररोजच्या ठरावीक आकाराने प्रवाशाच्या खात्यावर लावली जाते.

हजेरी आणि कवायत

‘मस्टर’ हा शब्द आपल्या कार्यालयांत हजेरीपटासाठी रूढ आहे. जहाजावर त्याचा अर्थ संकटकाळी नेमल्या जागी जमून हजेरी देणे असा होतो. सात आखूड व एक लांब भोंगा ही त्याची खूण. पूर्वीच्या नियमाप्रमाणे ही कवायत प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालत असे.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्दिया’ हे जहाज खडकावर आदळले. त्यावर ४,२२९ माणसे होती. त्या दिवशी चिवितावेक्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती. जहाज सोडण्याचा हुकूम आदळल्यानंतर तासाभराने सुटला. तोवर ते इतके कलले होते की, एका बाजूच्या नौका नीट उतरविता येईनात. ३२ माणसे दगावली. मृतांत मुंबईहून गेलेला एक भारतीय वाढपीही होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाजाच्या सांगाड्यात सापडले. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे, असे ठरले. कंपन्यांनी तो आधीच पाळावयास सुरुवात केली होती.

त्यानंतर काही वर्षे सारे प्रवासी भोंगा होताच एकाच वेळी डेकवर दाटीने उभे राहत. २०२० च्या साथीत ही दाटी धोक्याची ठरली. तेव्हा नवी रीत निघाली. सूचना खोलीतील दूरदर्शन संचावर किंवा भ्रमणध्वनीवर पाहावयाच्या, नंतर सवडीने नेमल्या जागी जाऊन तेथील कर्मचाऱ्याकडे नोंद करावयाची. साथ गेली तरी अनेक जहाजांवर ही रीत राहिली, कारण ती प्रवाशांना आवडली. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते की, भोंगा ऐकून कुटुंबासह प्रत्यक्ष जमण्याने जे अंगवळणी पडते, ते पडद्यावर पाहून कितपत पडेल, हा प्रश्न विचारार्ह आहे.

हात धुण्याचा प्रश्न

जहाजांच्या व्यवस्थापकांस वादळापेक्षा अधिक धास्ती असते ती नोरोव्हायरसची. उलट्या व जुलाब घडविणाऱ्या या विषाणूचा नमुना १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या एका शाळेत उद्भवलेल्या साथीतून मिळाला. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी रोग होतो. कठडा, दाराची मूठ, वाढावयाचा चमचा, कोठूनही तो पसरतो. मद्यार्कयुक्त जंतुनाशकाने त्याचा पुरता बंदोबस्त होत नाही. साबण व पाणी यांनीच हात धुवावे लागतात. म्हणूनच भोजनगृहाच्या तोंडाशी आता नुसत्या औषधाच्या बाटलीऐवजी हात धुण्याची कुंडी बसविलेली जहाजे दिसू लागली आहेत.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७० च्या दशकात जहाजांच्या स्वच्छता-तपासणीची योजना आखली. परदेशी बंदर करून अमेरिकेत येणाऱ्या जहाजांवर तपासनीस पूर्वसूचना न देता चढतात. भटारखाना, पाण्याच्या टाक्या, तरणतलाव, बालविभाग हे सर्व पाहून शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे अनुत्तीर्ण. हे गुण जाहीर केले जातात, ही या योजनेतील सर्वांत परिणामकारक गोष्ट होय. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी तीन टक्क्यांना लागण झाली तर तेही जाहीर होते. लंगोट वापरणाऱ्या मुलांना सार्वजनिक तलावात मज्जाव असतो, आणि तलावात घाण झालीच तर तो बंद करून क्लोरीनचे प्रमाण वाढवून शुद्ध करावा लागतो. वर सांगितलेल्या बालविभागाच्या अटीचे मूळ येथे आहे.

साथीची चाहूल लागताच जहाजाचा दिनक्रम बदलतो. प्रवाशांनी स्वतः वाढून घेण्याची पद्धत बंद होते, चमचे कर्मचाऱ्यांच्या हाती जातात, मीठदाणी टेबलावरून उचलली जाते, कठडे तासातासाला पुसले जातात, आजाऱ्यास खोलीतच जेवण पोचविले जाते. यासाठी वेगळी माणसे नसतात. जी असतात त्यांचेच काम वाढते.

याचे टोक फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात दिसले. ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील २,६६६ प्रवासी व १,०४५ कर्मचारी यांपैकी अखेरीस ७१२ जणांना करोनाची लागण झाली. प्रवाशांना दोन आठवडे खोल्यांत बंद ठेवण्यात आले. परंतु त्यांना जेवण कोणी पोचवावयाचे? ते काम कर्मचाऱ्यांकडेच राहिले. ते स्वतः दाटीच्या खोल्यांत राहत व एकत्र जेवत. विलगीकरण प्रवाशांसाठी होते, सेवकांसाठी नव्हते. त्यांत १३२ भारतीय होते. पुढे जगभर जहाजे थांबली आणि हजारो कर्मचारी महिनोन्‌महिने समुद्रावर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये ‘मारेला डिस्कव्हरी’ जहाजावरील भारतीयांस मुंबई बंदरात उतरवून घेण्यात आले, तेव्हा गोव्यातील व आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांना हायसे वाटले.

सहली पुन्हा सुरू झाल्यावर काही बदल मागे घेतले गेले, काही टिकले. त्यांत एक सूत्र दिसते. वाढण्यासाठी अधिक माणसे लागणारी पद्धत बहुतेक ठिकाणी गेली आणि स्वतः वाढून घेणे परत आले. उलट, खोली दिवसातून दोनदा नीट करण्याची जुनी चाल २०२३ च्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांनी एकदावर आणली, ती मात्र कायम राहिली. एका फेरीत वाचलेला वेळ विश्रांतीकडे न जाता खोल्यांची संख्या वाढविण्याकडे गेला तर त्या माणसाच्या पदरी काय पडले, हे सांगावयास नको.

मुंबईच्या धक्क्यावर

एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ जहाजाच्या मुंबईहून अशा सहली सुरू झाल्या. साथीत ती कंपनी बंद पडून जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. सप्टेंबर २०२१ पासून ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेल्या या जहाजाने आधी अमेरिकेकडे कित्येक वर्षे काढली होती. येथे आल्यावर त्याच्या भटारखान्यात शाकाहारी व जैन स्वयंपाकाची व्यवस्था करावी लागली. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय प्रवासी स्थानकाचे उद्घाटन झाले आहे.

जहाजे वाढतील तशी नोकरीची विचारणाही वाढेल. २०१३ मध्ये अमलात आलेल्या आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी श्रम करारानुसार कर्मचाऱ्यास चोवीस तासांत किमान दहा तास व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून दलाली घेता येत नाही. पारपत्र, खलाशी-पुस्तिका व वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा त्याच्यावर टाकता येतो. भरती करणारी संस्था केंद्र सरकारच्या नौवहन खात्याकडे परवानाधारक असावी लागते आणि परवानाधारकांची यादी पाहावयास मिळते. लाखभर रुपये मागणारा दलाल गावात आला तर प्रथम त्याच्या परवान्याचा क्रमांक विचारावा आणि तो त्या यादीशी ताडून पाहावा.