मुंबईतील संसर्गजन्य रोगांमुळे झालेले मृत्यू

मुंबई शहरात संसर्गजन्य रोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरेच घटले आहे. ही घट सलग नव्हती. प्लेग व इन्फ्लुएंझा यांच्या साथींत मृत्यू पुन्हा वाढले. क्षयरोगाचा प्रादुर्भाव आजही टिकून आहे.

पार्श्वभूमी

बंदर व कापडगिरण्यांमुळे शहराची वस्ती वेगाने वाढली. चाळींतील एकेका खोलीत अनेक माणसे राहत. पटकी, देवी, विषमज्वर, हगवण व ताप हे नित्याचे रोग होते. विहार (१८६०) व तानसा (१८९२) तलावांमुळे नळाचे पाणी मिळू लागले. परंतु सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय त्या मानाने मागे राहिली.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. तथापि विस्थापित गरिबांपैकी अनेकांनी शेजारच्या चाळींतच आसरा घेतल्याने तेथील दाटी वाढली.

इन्फ्लुएंझा

१९१८ च्या जूनमध्ये आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक प्राणघातक ठरली.

आकडेवारीच्या मर्यादा

मृत्युदर लोकसंख्येच्या प्रमाणात काढला जातो. प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. त्यामुळे जुन्या जनगणनेवर आधारलेला दर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. क्षयाने खंगलेले अनेक गिरणी कामगार कोकणातील वा घाटावरील आपल्या गावी परतत. त्यांचे मृत्यू शहराच्या नोंदींत येत नसत. शिवाय निदानाअभावी अनेक मृत्यू केवळ ‘ताप’ या सदरात नोंदवले जात.

स्वातंत्र्योत्तर काळ

लसीकरण व प्रतिजैविकांमुळे मृत्यू झपाट्याने घटले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. क्षयावर औषधे उपलब्ध झाली, तरी दाटीची, हवा न खेळणारी घरे व अर्धवट सोडलेले उपचार यांमुळे औषधांना दाद न देणारा क्षय ही गंभीर समस्या बनली. २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तर २०२० मध्ये कोविड-१९ ची. शुद्ध पाण्याने पटकीला आळा बसतो. क्षयासाठी मात्र औषधांच्या जोडीला राहण्यायोग्य घर व पुरेसे अन्नही लागते. मुंबईत या दोन रोगांच्या मृत्यूंचा कल भिन्न राहण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.