दहा मालकांचा एक पगार

वीस टनांचा ट्रक म्हणजे पन्नास किलोची चारशे पोती. हमालांची टोळी दहा जणांची असली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पोती येतात, म्हणजे एका ट्रकमागे एका माणसाच्या पाठीवरून दोन टन माल जातो. सोयाबीनच्या हंगामात परभणीच्या मोंढ्यात ट्रक काही एकच लागत नाही. पण या गणितापेक्षा मला दुसराच प्रश्न जास्त चक्रावून टाकतो. या माणसाचा मालक कोण?

सकाळी तो एका आडत्याच्या दारात ट्रॅक्टरमधला माल उतरवतो. दुपारी दुसऱ्याच व्यापाऱ्याचा ट्रक भरतो. संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावतो. उद्या या तिघांपैकी एकाकडेही काम नसेल, चौथ्याकडे असेल. आपले बहुतेक कामगार कायदे गिरणीच्या फाटकासमोर उभं राहून लिहिलेले आहेत. आत एक मालक, एक मस्टर, मस्टरवर एक नाव. ग्रॅच्युइटी हवी तर साधारणपणे एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं हवीत. हमालाची उभी हयात एकाच मोंढ्यात गेली तरी एकाच मालकाकडे सलग पाच दिवसही भरायचे नाहीत. दहा मालक असलेल्या माणसाला, कायद्याच्या नजरेनं, एकही मालक नसतो. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, पाठ गेली की घर.

या कोड्याचं महाराष्ट्रानं 1969 मध्ये काढलेलं उत्तर कल्पकतेच्या बाबतीत एखाद्या वैज्ञानिक शोधाच्या पंक्तीला बसवावं असं आहे. मुंबईच्या बंदरांत आणि बाजारांत स्वतः ओझी वाहिलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं होतं, मोर्चे आणि संप झाले होते. त्या रेट्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, ज्यांचं नाव आज परभणीच्या कृषी विद्यापीठाला आहे. कायद्यानं केलं काय, तर खरा मालक शोधायचा नादच सोडून दिला! मालक दहा असतील तर असू देत. त्या दहांची पैसे द्यायची जागा तेवढी एक करा.

ती जागा म्हणजे माथाडी मंडळ. व्यापाऱ्यानं मंडळाकडे नोंदणी करायची, हमालानंही करायची. टोळीनं कोणाकडे किती माल उतरवला, भरला, त्याचा हिशेब मंडळाकडे जातो. व्यापारी मजुरी थेट हमालाच्या हातावर टेकवत नाही, मंडळात भरतो, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्केवारीनं लेव्ही भरतो. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो. समजायला तीस टक्के धरू: शंभर रुपयांच्या हमालीवर व्यापाऱ्यानं एकशे तीस भरायचे. शंभर टोळीत वाटले जातात. वरचे तीस भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी यांत मुरतात. दहा दुकानांतून आलेली चिल्लर एका खात्यात साठते आणि त्या खात्यावर एकाच माणसाचं नाव असतं. काम तासातासाला बदलतं, नोकरी मात्र अखंड राहते.

या मंडळावर बसतं कोण, ही गोष्ट तितकीच बघण्यासारखी आहे. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येनं. सरकारचे सदस्य एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक नाहीत. अध्यक्ष सरकारी सदस्यांतलाच. म्हणजे सरकारनं एकट्यानं रेटून न्यायचं म्हटलं तर मतं पुरायची नाहीत, आणि मालक-कामगार अडून बसले तर पारडं झुकवणारा मधे आहेच.

हे तीन पायांचं बसणं महाराष्ट्रानं शोधलं नाही. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली तेव्हाच ठरलं होतं की दर देशाचे चार प्रतिनिधी येतील: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. वॉशिंग्टनच्या त्या पहिल्या परिषदेत हिंदुस्थानच्या कामगारांच्या खुर्चीवर बसले होते ना. म. जोशी, मूळचे आपल्या रायगडातल्या गोरेगावचे. पुढे 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूत्रं हाती घेताच ऑगस्टमध्ये दिल्लीत त्रिपक्षीय परिषद भरवली. वॉशिंग्टन-दिल्लीतली ही बैठक-व्यवस्था मोंढ्यातल्या पोत्यापर्यंत आणली, ही मात्र 1969 ची करामत. केरळनं 1978 मध्ये आपल्या हमालांसाठी वेगळा कायदा केला, महाराष्ट्रानं 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळं काढली.

परभणी-हिंगोलीसाठीही असं मंडळ आहे. शिवाय कृषी उत्पन्न बाजार समितीच्या अठरा संचालकांत एक जागा हमाल-मापाड्यांची असते. समितीच्या निवडणुकीत सोसायट्यांच्या अकरा जागांचीच चर्चा फार होते, पण आडत्याच्या दारात पोतं उचलणारा माणूस त्याच आडत्याशेजारी संचालक म्हणून बसू शकतो, हे मला त्या अकरांपेक्षा मोठं वाटतं.

आता एवढं सुंदर यंत्र, ते सगळीकडे तितकंच सुंदर चालतं का? नाही. व्यापाऱ्यानं नोंदणीच टाळली तर लेव्ही भरणार कोण? हमालाची नोंद नसेल तर त्याच्या कपाळी जुनंच रोखीचं गणित. मंडळावर रीतसर प्रतिनिधी नेमले गेले नाहीत तर सरकारी अधिकाऱ्याला मंडळ म्हणून काम पाहता येतं, अशी वाट कायद्यातच ठेवलेली आहे. कारभार त्यानं अडत नाही हे खरं, पण तीन पायांच्या तिवईतले दोन पाय काढून घेतल्यावर उरतं ते कार्यालय. उलट बाजूनं उद्योजकांचीही तक्रार आहे की माथाडीच्या नावावर काही बोगस मंडळी खंडणी मागतात. 2023 मध्ये सरकारनं कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच तक्रारीचा आधार घेऊन, आणि रोगापेक्षा औषध जालीम म्हणत माथाडी संघटना त्याच्या विरोधात उतरल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र बोगसांना पकडायला पोलीस आहेत, त्यासाठी खऱ्यांचं खातं पातळ करायचं कारण मला दिसत नाही.

राहिला कौशल्याचा प्रश्न, आणि इथं हे यंत्र कमी पडतं. हमालीला अकुशल म्हणणाऱ्यानं एकदा रुईची गाठ हलवून पाहावी. गाठ 170 किलोची असते. मानवत-सेलूकडच्या कापसाच्या पट्ट्यात ती हलवणारे जोर लावत नाहीत, तोल साधतात. थप्पी लावतानाही पोत्यांची तोंडं कुठं, सांधे कुठं, हे चुकलं तर दहाव्या थराला सगळं अंगावर येतं. ही विद्या टोळीत जुन्याकडून नव्याकडे जाते, तिचं प्रमाणपत्र कोणी देत नाही. दुसरीकडे प्रमाणपत्र देणाऱ्या आयटीआय आहेत. 2007-08 पासून केंद्राच्या योजनेत देशातल्या कितीतरी आयटीआयना अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं आणि कारभारासाठी समित्या झाल्या. अध्यक्ष उद्योजक, सचिव प्राचार्य. सरकार आलं, उद्योग आला. कामगार संघटनेसाठी खुर्ची त्या रचनेत ठेवलेली नाही.

मोंढ्यात तराजूच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटा आला, सोयाबीनचा ओलावा यंत्रावर मोजला जाऊ लागला, मोठ्या गोदामांत पोतं वर चढवायला पट्टे आले. पट्टा चालवणारा माणूस बाहेरून आणायचा की टोळीतलाच एकजण शिकवून तयार करायचा, हे ठरवायला व्यापारी, सरकारी अधिकारी आणि हमालांचा प्रतिनिधी एकत्र बसायला हवेत. ते तिघं कायद्यानं एकत्र बसतात ते टेबल परभणीत आहे. त्यावर आजवर मुख्यतः मजुरी आणि लेव्हीचे कागद पसरले गेले.