जाहिरात लावा, पण नियम पाळून!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःची वेबसाइट चालवतात. कुणी पाककृती देतं, कुणी विणकामाचे नमुने, कुणी रुखवताच्या कल्पना, तर कुणी दहावीच्या मुलांसाठी सोपं व्याकरण. वाचणाऱ्यांची संख्या वाढली की कुणीतरी सुचवतंच, “अगं, यावर जाहिराती लाव. घरबसल्या चार पैसे मिळतील!” सूचना चांगलीच आहे. पण जाहिराती घेताना नियमांचं जे लांबलचक पान समोर येतं, ते न वाचताच आपण खाली ‘मान्य आहे’वर बोट ठेवून मोकळ्या होतो. पुढे एक दिवस खातं बंद झाल्याचं पत्र येतं आणि जमलेले पैसेही हातचे जातात. असं होऊ नये म्हणून त्या पानातल्या मुख्य गोष्टी आज आपण समजून घेऊ.

पैसे येतात कुठून?

घराचा रस्त्याकडचा ओटा एखाद्या दुकानदाराला फलक लावायला भाड्याने द्यावा, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच, की इथे मध्ये एक दलाल असतो. गूगलची ‘ॲडसेन्स’ ही सेवा २००३ साली सुरू झाली आणि छोट्या वेबसाइटवाल्यांत तीच जास्त चालते. मराठी मजकुरावरही तिच्या जाहिराती मिळतात. जाहिरातदाराच्या एका रुपयातले सुमारे ६८ पैसे आपल्या वाट्याला येतात, असं गूगलचं म्हणणं. २०२४ च्या सुरुवातीपासून हा मोबदला मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली यावर धरला जातो.

पहिला नियम: स्वतः बोट लावू नका

आपल्याच पानावरच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नाही. एकदाही नाही. आणि दुसऱ्या कुणाला तसं करायला सांगायचंही नाही. घोटाळा होतो तो इथेच! सूनबाईंनी वेबसाइट काढली म्हणून घरातले सगळे कौतुकाने मदतीला धावतात. नणंद, जाऊ, मावसबहिणी, नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी, सगळ्यांना निरोप जातो, “रोज उघडा आणि दोन-चार जाहिरातींवर बोट ठेवा.” हेतू चांगला असतो, पण पलीकडे पैसे भरणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने ही फसवणूकच. एकाच घरातून, त्याच त्या फोनवरून येणारी क्लिक त्यांची यंत्रणा ओळखते. मग खातं बंद होतं आणि शिल्लक पैसे जाहिरातदाराला परत केले जातात. दाद मागता येते, पण निकाल आपल्या बाजूने लागेलच असं नाही. तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा, “लेख वाचा, आवडला तर चार जणींना सांगा, पण जाहिरातीला हात लावू नका.”

ॲप तयार करत असाल तर तपासणीच्या वेळी खोट्या, म्हणजे चाचणीच्या जाहिराती वापरायच्या असतात. खऱ्या लावून स्वतःच दाबून बघितल्या तर तोही नियमभंगच.

जाहिरात कुठे ठेवावी?

जाहिरात ही जाहिरातच दिसली पाहिजे. ‘पुढची कृती बघा’ या बटणाला चिकटवून ठेवलेली, किंवा ‘उपयुक्त माहिती’ अशा मथळ्याखाली दडवलेली चालत नाही. वर लिहायचंच असेल तर ‘जाहिराती’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ एवढंच लिहावं. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नकोत. रिकाम्या किंवा ‘लवकरच येत आहे’ अशा पानावर तर नकोतच.

मजकूर आपलाच हवा. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातली कृती जशीच्या तशी उतरवली, तिचे फोटो उचलले आणि त्यावर जाहिराती लावल्या, तर खातं धोक्यात येतं. आरोग्याच्या घरगुती सल्ल्यांच्या बाबतीत फारच जपावं. कारल्याची भाजी कशी करावी हे खुशाल लिहा. पण ‘मधुमेहाच्या गोळ्या बंद करा आणि कारल्याचा रस घ्या’ असं लिहाल तर नियम मोडतोच, शिवाय एखाद्या भोळ्या वाचकाच्या जिवावर बेतेल.

ओळखीतून येणारी जाहिरात

वेबसाइट नावारूपाला आली की एखादा मसालेवाला किंवा औषधवाला थेट विचारतो, “ताई, आमच्याबद्दल चार ओळी लिहा, पैसे देतो.” इथे दलालाचे नव्हे, सरकारचे नियम येतात. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं असेल तर ती जाहिरात आहे, हे वाचकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, वस्तूची भलावण करणाऱ्या व्यक्तीलासुद्धा पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिराती तर १९५४ च्या कायद्यापासूनच बंद आहेत. ती छापण्यात कोणत्याही प्रकारे भाग घेणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. तेव्हा ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, मग तो कितीही ओळखीचा असो.

वाचकाची माहिती

या जाहिराती वाचकाच्या फोनमध्ये ‘कुकी’ नावाची छोटी खूणगाठ ठेवतात आणि त्यावरून आवडीनिवडी ताडतात. हे वाचकाला सांगणारं गोपनीयता धोरणाचं पान वेबसाइटवर असलंच पाहिजे. तुमची पुरणपोळी लंडनची मराठी सून वाचत असेल तर आणखी एक काम आहे. जानेवारी २०२४ पासून ब्रिटन व युरोपीय संघातल्या वाचकांची संमती, गूगलने मान्य केलेल्या साधनातून विचारावी लागते. मुलांसाठी गोष्टी किंवा खेळ देत असाल तर तशी खूण करा. त्या पानांवर मुलांच्या आवडी हेरून जाहिराती दाखवता येत नाहीत.

नावाची गोष्ट

आता आपल्या खास अडचणीकडे येऊ. खातं अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या नावावर असावं लागतं आणि एका व्यक्तीला एकच मिळतं. त्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. आपलं मात्र पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच! शिल्लक १० डॉलर झाली की टपालाने एक आकडा येतो. तो घालून पत्ता पक्का करायचा असतो. १०० डॉलर झाले की मगच पैसे बँकेत जमा होतात. तोपर्यंत नावाचा घोळ निस्तरून ठेवावा. ‘कशाला कटकट, ह्यांच्याच नावाने उघडू’ असं पुष्कळ जणी म्हणतात. मी म्हणेन, तसं करू नका. दुपारची झोप मोडून लिहिता तुम्ही, तर पैसेही तुमच्याच पासबुकात दिसू देत. एवढंच, की हे उत्पन्न प्राप्तिकराच्या हिशेबात दाखवायला विसरू नका.

पहिले १०० डॉलर जमायला वर्षही लागेल. लागू दे! शेजारणीला सहा महिन्यांत मिळाले म्हणून आडमार्गाला जाऊ नका. महिन्यातून एक दुपार काढून नियमांचं पान पुन्हा वाचा, कारण ते बदलत असतात. इंग्रजी अडलं तर मुलांना शेजारी बसवा. पण वाचून ठरवायचं ते मात्र तुम्हीच.