लग्नाची डीव्हीडी अडखळू लागली तर?

कपाटातली लग्नाची डीव्हीडी पंधरा वर्षांनी लावली की चित्र अडखळते, चौकोन दिसतात. कधी कधी चकतीवर ओरखडाही नसतो. स्टुडिओत किंवा घरी ‘राइट’ केलेल्या चकतीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो थर हळूहळू बिघडतो. विकतच्या सिनेमाच्या चकतीत ती खळग्यांच्या रूपात छापलेली असते, म्हणून ती जास्त टिकते. आजोबांचा आवाज मात्र नेमका पहिल्या प्रकारच्या चकतीवर असतो.

अनेक जण थेट ‘हँडब्रेक’ने छोटी एमपी४ फाइल करतात आणि चकती टाकून देतात. ही घाई नडते. हँडब्रेक चित्र नव्याने आक्रसून साठवते. त्यात गेलेला तपशील परत मिळत नाही. आधी चकतीची जशीच्या तशी आयएसओ प्रत घ्यावी. एका थराच्या डीव्हीडीला फार तर ४.७ जीबी जागा लागते, आजच्या हार्ड डिस्कवर ती किरकोळच. मोबाइलसाठीची छोटी फाइल त्या प्रतीवरून केव्हाही करता येते.

चकती वाचताना अडत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. ते आधी चांगला भाग उचलते, मग खराब भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे नेता येते, आणि ड्राइव्ह बदलल्यावर हट्टी चकती कित्येकदा वाचलीही जाते. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून नाही. तयार प्रत शेवटपर्यंत चालवून पाहावी आणि आणखी एक भावाबहिणीच्या घरी ठेवावी.