रमी : नशीब किती, कसब किती?

हैदराबादेत अफझलगंजच्या बाजूने नयापुलावर उभे राहिले, की मुसी नदीच्या पलीकडील तीरावर उच्च न्यायालयाची घुमटांची इमारत दृष्टीस पडते. १९२० साली खुल्या झालेल्या या वास्तूत खुनांचे, जमिनींचे आणि वारसांचे असंख्य दावे चालले. परंतु साऱ्या देशातील पत्ते खेळणारांना ज्याचा आजवर आधार वाटत आला, असा एक खटलाही याच वास्तूतून दिल्लीला गेला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तो खटला रमीचा होता.

सिकंदराबादेत क्रेसेंट रिक्रिएशन क्लब नावाची एक मंडळी होती. तेथे पोलिसांनी छापा घातला, तेव्हा सभासद पैसे लावून रमी खेळताना आढळले. निजामी अमदानीतील फसली सन १३०५ चा, म्हणजे १८९५-९६ च्या सुमाराचा, हैदराबादचा जुगारविषयक कायदा त्यांना लावण्यात आला व दंडाधिकाऱ्याने त्यांना दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आंध्र प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ नोव्हेंबर १९६७ रोजी तेथेही सरकारचे अपील फेटाळले गेले. निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे होते. पुढे तीनच महिन्यांत ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

निकालाचा आशय असा, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ दैवाधीन खेळ नव्हे. कोणती पाने पडून गेली हे स्मरणात ठेवावे लागते. कोणते पान राखावे आणि कोणते टाकावे याला कसब लागते. वाटणीत नशीब असते खरे, पण ते ब्रिजच्या वाटणीतही असतेच. म्हणून रमी हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ मानला पाहिजे. जुन्या कायद्यानेच निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. त्या सवलतीत रमी बसली.

न्यायालयाने दोन वाक्यांत सांगितलेले हे कौशल्य प्रत्यक्षात असते तरी कसे? झब्बू आणि बदाम सात यांपलीकडे न गेलेल्या माणसाला रमी म्हणजे पाने उचलणे आणि टाकणे, एवढेच दिसते. आपल्याकडील रूढ रमीत प्रत्येकाला तेरा पाने मिळतात. दोन किंवा अधिक जोड एकत्र पिसलेले असतात. एक पान उघडे करून त्याच्या किमतीची सारी पाने जोकर ठरतात. तेरा पानांचे क्रम आणि संच जुळवायचे. क्रम निदान दोन हवेत आणि त्यांतील एक जोकराच्या मदतीवाचून झालेला, म्हणजे शुद्ध, हवा. तो नसेल तर बाकीचे सारे जुळलेले असूनही हातातल्या पानांचे गुण अंगावर येतात. राजा, राणी, गुलाम व एक्का यांचे प्रत्येकी दहा, बाकीच्यांचे त्यांच्या अंकाइतके आणि जोकराचे शून्य. एका डावात जास्तीत जास्त ८० गुण चढतात असा सर्वसाधारण रिवाज आहे.

येथूनच हिशेब सुरू होतो. बदामाची पंजी आणि सत्ती धरून छक्कीची वाट पाहणाऱ्याला दोन जोडांत मिळून दोनच पाने उपयोगी पडतात. छक्की आणि सत्ती धरणाऱ्याला पंजीही चालते आणि अठ्ठीही. म्हणजे चार पाने. दोघांच्याही हातात दोनच पत्ते, पण एकाची आशा दुसऱ्याच्या दुप्पट. नवशिका खेळाडू हा भेद न ओळखता मधले पान येईल या भरवशावर फेऱ्यामागून फेऱ्या घालवितो आणि शेवटी नशिबाला बोल लावतो.

मधली पाने राखावीत, कडेची टाकावीत, असा एक सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. एक्का दुर्रीच्या खालीही बसतो आणि राजाच्या वरही. हे लक्षात घेऊन तीन पानांचे क्रम मोजले, तर एका रंगात बारा होतात. त्यांत एक्का, दुर्री आणि राजा ही पाने प्रत्येकी दोन क्रमांत येतात. तिर्रीपासून राणीपर्यंतची सारी पाने प्रत्येकी तीन क्रमांत. म्हणजे राणी ही सत्तीइतकीच उपयोगी आहे! मग लोक राणी लवकर का टाकतात? कारण हरल्यास ती दहा गुणांचे ओझे ठेवून जाते. राणी टाकणे शहाणपणाचे आहे, पण सांगितले जाते त्या कारणासाठी नव्हे.

याहून वरची पायरी दुसऱ्याच्या हाताकडे पाहण्याची. डावीकडच्याने वर पडलेली बदामाची सत्ती उचलली, तर त्या क्षणापासून बदामाची पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी आणि इतर रंगांच्या सत्त्या ही आपल्या हातातील जोखमीची पाने झाली. कोणी चौकटचा राजा टाकला असेल, तर त्याला चौकटच्या राणीची निकड बहुधा नसावी. छक्की जोकर ठरली असेल, तर कोणीही ती छक्की म्हणून खर्च करीत नाही, ती दुसरीकडे वापरतो; त्यामुळे शेजारच्या पंजीला आणि सत्तीला मागणी कमी, आणि ती टाकणे त्यातल्या त्यात निर्धोक. मुरलेले खेळाडू तर गळही टाकतात. इस्पिकची सत्ती, अठ्ठी आणि दश्शी हातात असताना ते दश्शी टाकून देतात. पाहणाऱ्याला वाटते, याला इस्पिकच्या वरच्या पानांत रस नाही, आणि तो निर्धास्तपणे नव्वी सोडतो. सावंतवाडीच्या १२० पानी दशावतारी गंजिफेतही पडून गेलेल्या पानांची आठवण हेच मुख्य बळ होते. न्यायालयाने ज्या स्मरणाचा उल्लेख केला ते हे.

स्पर्धेत बसणाऱ्या रमीपटूंच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात. पहिला घाईचा. तो शुद्ध क्रम जुळताच मोठी पाने टाकून हात हलका करतो आणि इतर सावरण्याच्या आत डाव दाखवितो. दुसरा अडवणुकीचा, स्वतःचा हात थोडा बिघडला तरी चालेल, पण पुढच्याला हवे ते पान तो सोडीत नाही. तिसरा सर्वांत कमी आवडणारा आणि बहुतेक वेळा सर्वांत पुढे जाणारा, तो म्हणजे डाव सोडणारा. पहिले पान उचलण्यापूर्वीच डाव सोडला तर साधारणतः २० गुण चढतात, मधेच सोडला तर ४०. ज्या खेळात १०१ गुण झाले की माणूस बाद होतो, तेथे आरंभीच पाच वेळा सोडूनही १०० च भरतात. खेळाडू अजून पटावर असतो. उलट हट्टाने खेळलेला एकच वाईट हात त्याला ८० वर नेऊन बसवतो. जोकर नाही, क्रमाचे चिन्ह नाही, चित्रे मात्र पाच, असा हात आला की तो मुकाट्याने खाली ठेवणे हेच कसब. गंमत अशी, की पाहणारे याला भित्रेपणा म्हणतात.

हीच तऱ्हा अगदी निराळ्या जातीच्या पत्त्यांतही आढळते, हे लक्षणीय आहे. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला, त्या धर्तीवर पुढे जपानात पोकेमॉनची पाने निघाली, आणि ती आज आपल्याकडील शाळकरी मुलांच्या खिशातही असतात. या खेळात समाईक जोड नसतो. शेकडो पानांतून प्रत्येक जण आपला साठ पानांचा जोड घरीच निवडून आणतो. काही मूलभूत पाने वगळता एका नावाची पाने चारांहून अधिक घेता येत नाहीत. एखादे पान चार वेळा घेतले, तर पहिल्या सात पानांत त्यातले निदान एक येण्याची शक्यता शेकडा ४० च्या घरात असते. एकदाच घेतले तर १२ हूनही किंचित कमी. स्पर्धांतून मान्यता पावलेल्या जोडांच्या धाटण्या मुख्यतः तीन. लहान, स्वस्त पाने भरून प्रतिपक्ष सावरण्याआधी हल्ला करणारी एक. त्याची प्रत्येक चाल निष्फळ करीत बसून अखेरीस एखाद्या भारी पानाने डाव संपविणारी दुसरी. आणि ठरावीक दोन-तीन पाने एकत्र आली की एका फटक्यात निकाल लावणारी तिसरी. स्पर्धेला कोणत्या धाटणीचे जोड अधिक येतील याचा अंदाज बांधून आपला जोड ठरवावा लागतो. रमीतले कसब पाने वाटल्यानंतर सुरू होते. येथे ते आदल्या रात्रीच अर्धे संपलेले असते. नशीब दोन्हीकडे पिसण्यातच राहते. मात्र या पानांची बंद पाकिटे, आत काय आहे हे न कळता विकत घ्यावी लागतात, आणि हवे ते पान निघेपर्यंत मुले ती घेत राहतात. खेळात नसलेला जुगार दुकानाच्या फळीवर जाऊन बसला, असे कोणी म्हटले तर त्याला सहज खोडून काढता येणार नाही.

कसब खरे आहे, एवढे मान्य केल्यावर पैशाचा प्रश्न उरतोच, आणि १९६७ च्या त्या निकालाचा दुसरा भाग येथे आठवावा लागतो. लोकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरून टाकला. न्यायालयाने त्याच निकालात बजावले होते, की दुसऱ्या एखाद्या रीतीने जुगार चालत असल्याचा पुरावा असेल, किंवा पैसे लावून चाललेल्या रमीतून घरमालक वा क्लब स्वतः नफा काढीत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकेल. सभासदांना बसावयास जागा आणि पत्ते पुरविल्याबद्दल घेतलेले बेताचे शुल्क हा तसा नफा नव्हे, एवढेच त्या क्लबाच्या बाबतीत म्हटले गेले.

हा भेद कागदी नाही. सहा समान कसबाचे खेळाडू प्रत्येकी १०० रुपये लावून बसले आणि प्रत्येक डावात जागेचा मालक ६० रुपये काढून घेऊ लागला, असे समजू. जिंकणाऱ्याच्या हाती ५४० येतात. सहा डावांत प्रत्येक जण एकदा जिंकला, तर प्रत्येकाने ६०० घातले आणि ५४० मिळविले. कोणी चूक केली नाही, कोणाचे नशीब फुटले नाही, तरी सहाही जण साठ-साठ रुपयांनी हरले, आणि एकही पान न उचललेला सातवा ३६० घेऊन उठला. कसबाने ही तूट भरून काढावयाची, तर समोरचा सतत आपल्याहून कच्चा हवा. घराच्या ओसरीवर समोरचा कोण आहे, तो कसा खेळतो, हे वर्षानुवर्षांच्या सहवासाने ठाऊक असते. दूरध्वनीच्या पडद्यावर ते कळत नाही. तेथे नवा डाव क्षणात मांडला जातो, आणि रात्री दिवा मालवा असे सांगायलाही कोणी नसते.

धर्मसंस्थांनी या खेळांकडे पूर्वीपासून सावधपणे पाहिले आहे. पंधराव्या शतकात इटलीत संत बर्नार्दिनो यांच्या प्रवचनांनंतर लोकांनी पत्ते आणि सोंगट्या आगीत टाकल्या. पत्ते रंगविणारा एक कारागीर पोट कसे भरावे म्हणून रडत आला, तेव्हा त्यांनी त्याला येशूच्या नावाची अक्षरे रंगवावयास सांगितले, अशी आख्यायिका आहे. आजच्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाची भूमिका याहून मोजकी आहे : दैवाचे खेळ स्वतःहून अन्यायकारक नाहीत, पण माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचे जे आहे तेच हिरावले जाऊ लागले, की ते अयोग्य ठरतात. न्यायाधीश पान कसे पडते हे पाहतात, धर्मशिक्षण घरातील पिठाचा डबा पाहते. दुसरी कसोटी अधिक अवघड आहे, कारण तिला कसबाची सबब चालत नाही.

हैदराबादेत पुढे जे घडले ते याच कसोटीच्या जवळ जाणारे आहे. फसली सनाच्या कायद्याची जागा १९७४ च्या कायद्याने घेतली आणि कौशल्याच्या खेळांची सवलत त्यातही राहिली. त्या सवलतीच्या आडोशाने दूरध्वनीवरील रमीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. २०१७ साली तेलंगण सरकारने आधी वटहुकूम आणि मग दुरुस्ती करून, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपुरती ती सवलत काढून घेतली. ज्या शहरातील खटल्याने रमीला कौशल्याचा शिक्का मिळवून दिला, त्याच शहरात पन्नास वर्षांनी तो शिक्का पैशापुरता पुसला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तर इंटरनेटवरील पैशाच्या खेळांना सरसकट मनाई केली आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरविला. हे कितपत योग्य, यावर वकिलांत वाद आहेत.

पैसे न लावता घरी खेळली जाणारी रमी यांपैकी कोणत्याच कायद्याच्या तडाख्यात येत नाही. तेथे गुण जुन्या वहीच्या मागच्या पानावर मांडले जातात, १०१ झाले की नाव खोडले जाते आणि बाद झालेल्याने सर्वांसाठी चहा टाकावयाचा असतो.