साठ ग्रॅम तांदूळ की साठ ग्रॅम भात?

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेस मावशीकडे होतो. मावशीचे यजमान मूळचे जळगावकडचे. उधन्यात एका लूमच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांना नुकताच मधुमेह निघाला होता. आहाराच्या कागदावर दर जेवणाला 'तांदूळ ६० ग्रॅम, तूरडाळ ३० ग्रॅम' असे लिहिले होते. मी विज्ञान शाखेचा, म्हणून वजनाचे काम माझ्याकडे आले आणि तेथेच घोटाळा झाला. शिजलेला भात काट्यावर ठेवून मी नेमका साठ ग्रॅम त्यांच्या डब्यात भरू लागलो. वरणही तसेच, तीस ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन चमचे. काका एवढेच म्हणाले, "आजारी माणसानं इतकंच खायचं असंल." पाचव्या दिवशी दुपारी कारखान्यात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सोबत्यांनी साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. गोळी पुरी आणि जेवण तिसरा हिस्सा, असा तो प्रकार होता.

कागदावरचे माप कच्च्या शिध्याचे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळाचे उष्मांक सुमारे ३५६ दिले आहेत, तेही कच्च्या तांदळाचेच. तांदूळ शिजताना त्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते. पाण्याला उष्मांक नाहीत. म्हणजे पातेल्यातील एकूण उष्मांक तेवढेच राहतात, वजन मात्र अडीच-तीन पट होते, आणि शंभर ग्रॅम भातात उरतात सुमारे १३०. साठ ग्रॅम तांदळाचे २१४ उष्मांक काकांना मिळायला हवे होते. मी दिले अवघे ७८.

मग भाताला सरसकट तीनने गुणावे काय? नाही. मोकळा भात आणि आसट भात यांचे पाणी वेगळे, आणि वरणाचे तर घरोघरी निराळे. मावशीने सांगितलेली युक्ती सोपी निघाली (तिचे शिक्षण सातवीपर्यंत, हे नमूद करतो). घरचा सगळा तांदूळ कच्चा तोलायचा, शिजल्यावर सगळा भात तोलायचा. आमचा ३०० ग्रॅम तांदूळ ८४० ग्रॅम भात झाला, म्हणजे २.८ पट. काकांचा वाटा साठ गुणिले २.८, म्हणजे १६८ ग्रॅम. भाकरीचे तर कोरडे पीठच तोलावे.

भाज्यांचे मात्र उलटे. परतलेल्या मेथीचे पाणी उडून वजन घटते. सुरतेच्या उंधियूत तर पापडी, कंद, वांगी आटतात आणि वर तेल मुरते, ज्याच्या प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक. तेथे भाजीपेक्षा तेल तोलणे अधिक महत्त्वाचे.

सुरती पोंक म्हणजे आपला हुरडा. हिवाळ्यात तो शेव-लिंबाबरोबर खातात. त्याला वाळलेल्या ज्वारीचा आकडा लावला तर चूक होते, कारण कोवळ्या दाण्यात अजून पुष्कळ पाणी असते. ही चूक मी करणारच होतो, काकांनीच हटकले.

नव्या मापाचा पहिला डबा उघडला, तेव्हा त्यांनी कारखान्यातून मावशीला फोन केला: चुकून पोराचा डबा तर माझ्या पिशवीत आला नाही ना?